पाचवे शील आणि आडनाव न विचारणारी सभा

घाटकोपरच्या आमच्या वस्तीतल्या विहारात दर पौर्णिमेला वंदना होते. तीस-पस्तीस माणसे असतात. बायका जास्त, पुरुष कमी. पंचशील सुरू झाले की सगळे एका सुरात म्हणतात. आमच्या शेजारी बसणारा आमचा एक मित्र चार शिले मोठ्याने म्हणायचा आणि पाचव्याला गप्प व्हायचा. हे आमच्या लक्षात यायलाच कित्येक वर्षे गेली. एकदा विचारले, तर म्हणाला, "खोटं बोलणार नाही असं चौथं शील आत्ताच म्हटलं ना? मग लगेच पाचवं म्हणून ते कशाला मोडू?"

उत्तर ऐकून आम्ही हसलो. रात्री मात्र हसू आले नाही. मांडीला मांडी लावून बसणारा हा माणूस दर पौर्णिमेला, सर्वांच्या देखत आपला आजार सांगत होता आणि आमच्यापैकी एकालाही तो ऐकू आला नव्हता. ऐकू आला असता तरी आम्ही काय केले असते? त्याला बाजूला घेऊन सुनावले असते. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातली सतरावी कोणती ते आठवते का, असे विचारले असते. हे आम्ही खात्रीने सांगतो, कारण हे आम्ही एकदा केलेले आहे, आणि तेही सख्ख्या भावाच्या बाबतीत.

दादा एका ठेकेदाराकडे सफाईच्या कामावर होता. गटारात उतरण्याआधी थोडी घेतल्याशिवाय उतरवत नाही, असे तो सांगायचा. त्या कामावरचे बहुतेक जण तेच सांगतात. घाणीत उतरायला माणूस लागतो आणि तो कोणत्या जातीचा लागतो, हे या पानाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. पुढे काम सुटले, दारू सुटली नाही. आम्ही तेव्हा चळवळीत होतो, व्यासपीठावर बोलत होतो, आणि घरात हे. आम्ही दादाला बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभे केले आणि शपथ घ्यायला लावली. अकरा दिवस टिकली. पुन्हा उभे केले, दोन महिने टिकली. तिसऱ्यांदा मोडल्यावर मात्र दादा फोटो असलेल्या खोलीत जायचाच बंद झाला. मग विहारात यायचा बंद झाला. मग चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत नाक्यापलीकडे, लोकांच्या मागे उभा दिसायचा. २००३ साली तो यकृताच्या आजाराने गेला. पोट पाण्याने फुगले होते. शेवटच्या आठवड्यात त्याने आम्हाला एकच गोष्ट सांगितली: "माझी खाट फोटोसमोरून हलव."

शपथ वाईट असे आमचे म्हणणे नाही. आमच्या आजोबांची दारू १४ ऑक्टोबर १९५६ नंतर सुटली ती कायमची. ते स्वतः नागपूरला गेलेही नव्हते, गावातल्या माणसांनी येऊन सांगितले तेवढ्यावर सुटली. असे हजारो आजोबा आपल्या घराघरांत होऊन गेले. त्याआधी जोतीराव फुल्यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, १८८० साली, शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. गाडगेबाबांच्या कीर्तनात दारूवर कोरडे ओढले जात. ही आपली परंपरा आहे आणि तिचा आम्हाला अभिमान आहे. पण आजोबांची सुटली आणि दादाची सुटली नाही. दोघांचे रक्त एक, श्रद्धा एक, फोटोही एकच. फरक एवढाच की आजोबांना दारूची सवय होती आणि दादाला दारूचा आजार झाला होता. ज्या १९५६ साली आपण धम्मदीक्षा घेतली, त्याच साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या सर्वात मोठ्या संघटनेने दारूचे व्यसन हा वैद्यकीय उपचाराचा आजार आहे असे मान्य केले. ही गोष्ट आमच्यापर्यंत पोचायला पन्नासाहून जास्त वर्षे लागली. तोवर आम्ही आजारी माणसाला शपथा देत होतो. मलेरिया झालेल्याला शपथ देऊन कोणी ताप उतरवतो काय?

तेव्हा पाचव्या शिलाला गप्प बसणाऱ्या मित्राच्या बाबतीत आम्ही ठरवले की शपथ नाही. पण मग काय, तेही माहीत नव्हते.

लोकलमध्ये दाराजवळ चिकटवलेली जाहिरात मुंबईत कोणी पाहिली नाही? 'न सांगता दारू सोडवा.' खाली मोबाईल नंबर. वहिनींनी तो आधीच लावून पाहिला होता. दोन हजार रुपयांची पूड आणली, तीन आठवडे आमटीतून दिली. काही झाले नाही हे नशीबच म्हणायचे, कारण दारूबरोबर जीवघेणी उलटणारी औषधे डॉक्टरही माणसाला सांगून, समजावून आणि त्याची तयारी असेल तरच देतात. चोरून देणे म्हणजे विष घालणे. पुढे कोणाच्या तरी सांगण्यावरून मुंबईबाहेरच्या एका केंद्रात त्याला महिनाभर ठेवले. तिथे कोंडून ठेवणे आणि मारणे यालाच उपचार म्हणत. परत आला त्या संध्याकाळी तो घरी येण्याआधी गुत्त्यावर गेला. त्याचा आम्हाला राग आला नाही, प्रथमच.

मग त्याने स्वतःच एके दिवशी एकदम बंद केली. दुसऱ्या दिवशी हात असे थरथरायला लागले की कपातला चहा बाहेर. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर मुंग्यांची रांग दिसायला लागली, नसलेल्या माणसांशी बोलायला लागला. शेजारी म्हणाले बाहेरचे आहे, उतारा टाका. सुदैवाने वहिनी खमक्या. त्यांनी रिक्षा आणली आणि थेट पालिकेचे रुग्णालय गाठले. डॉक्टरांनी सांगितले ते इथे मुद्दाम लिहितो, कारण हे माहीत नसल्यामुळे माणसे मरतात: रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू तोडू नये. झटके येतात, भ्रम होतो, जीव जातो. पहिले आठ-दहा दिवस औषधाखाली काढावे लागतात. केईएम, शीव, नायर, कूपर या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत आणि केसपेपरचे पैसे फार नाहीत. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही फुकट हेल्पलाइन आहे. मानसोपचार म्हटले की आपली माणसे दचकतात, 'वेडा ठरवाल' म्हणतात. दचकू नये.

रुग्णालयातून सोडताना तिथल्या डॉक्टरबाईंनी औषधाच्या चिठ्ठीमागे एक पत्ता लिहून दिला आणि म्हणाल्या, "दारू शरीरातून निघाली. डोक्यातून काढायला इथे जा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. फी नाही." आम्ही गेलो. पत्ता जुना होता. वॉचमन म्हणाला, "ते बेवड्यांचं ना? आता इथं नाही भरत." मित्राचा चेहरा बघवत नव्हता. त्या आठवड्यात त्याने नाव काढले नाही. आम्हीच पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेलो, त्यांनी संघटनेचा फोन लावून दिला. पलीकडचा माणूस मराठीत बोलला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "पेशंट तुम्ही की दुसरे कोणी?" आम्ही म्हटले, मित्र. तो म्हणाला, "मग फोन त्यांना द्या." पंधरा मिनिटे तो मित्राशी बोलला. काय बोलला ते आम्ही विचारले नाही.

उपनगरांत पूर्वेला आणि पश्चिमेला अशा बऱ्याच सभा भरतात, कुठे शाळेच्या वर्गात, कुठे चर्चच्या आवारात. घराजवळची सांगितली तर मित्र म्हणाला, "जवळ नको. ओळखीचं कोणी भेटलं तर?" आम्ही म्हटले, "अरे, ओळखीचा भेटला तर तोही त्याच कामाला आलेला असणार." पटले नाही. चर्चमधली नको, कारण ख्रिस्ती करतील अशी भीती. (दारूने मारतील याची भीती नव्हती.) शेवटी अंधेरीची ठरली. घाटकोपर-अंधेरी मेट्रो २०१४ पासून धावते आहे. पूर्वी याच प्रवासाला बसने दीड तास जात असे. संध्याकाळी निघालो. साकीनाक्याला दार उघडले आणि मित्र एकदम उतरला. "पाणी प्यायचं आहे," म्हणाला. पाणी प्यायले. एक गाडी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. आम्ही काही बोललो नाही. एवढे आम्ही दादाकडून शिकलो होतो. चौथ्या गाडीत तो आपणहून चढला.

शाळेचा वर्ग होता. बाके लहान मुलांची, गुडघे वर येत होते. भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता आणि त्याच्या बाजूला तेवढ्यापुरता टांगलेला बारा पायऱ्यांचा फलक. वीसेक माणसे असतील, त्यात दोन बाया. एकजण कंपनीत साहेब असावा, एकाच्या अंगावर रिक्षावाल्याचा खाकी शर्ट होता. दारात उभ्या असलेल्या पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी मित्राचा हात हातात घेतला आणि नाव विचारले. मित्राने सवयीने पूर्ण नाव सांगायला सुरुवात केली. गृहस्थ म्हणाले, "आडनाव इथं लागत नाही."

वाचकहो, आमचे वय साठीला आले. शाळेत नाव घालताना, खोली भाड्याने बघताना, नोकरीच्या मुलाखतीत, लग्नाच्या पंगतीत, इतकेच काय गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी दोन शब्द बोलतानाही आम्हाला कधी ना कधी 'पूर्ण नाव काय?' असे विचारले गेले आहे आणि ते कशासाठी विचारले आहे हे आम्हाला कळलेले आहे. आडनाव लागत नाही, असे कोणी आम्हाला सांगितल्याचे आठवत नाही. ही पद्धत अमेरिकेत १९३० च्या दशकात पडली, तेव्हा तिचे कारण वेगळे होते. दारुडा म्हणून बोभाटा होऊ नये, नोकरी जाऊ नये, आणि कोणी स्वतःचे नाव मोठे करण्यासाठी संघटना वापरू नये, एवढाच हेतू. आपल्या देशात तीच पद्धत आणखी एक काम करते, जे ती पाडणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल. अर्थात आम्ही इतके भोळे नाही. बोलण्यावरून, राहण्याच्या ठिकाणावरून जात ओळखणारे त्या वर्गातही असतील. पण तिथे प्रत्येकाने आधी स्वतःच कबूल केलेले असते की आपण गटारात पडलो होतो. गटारात पडलेला माणूस दुसऱ्याला 'तू कोणत्या गटारात होतास' हे विचारतो, 'कोणत्या जातीचा' हे विचारायला त्याला तोंड उरत नाही.

सभा दीड तासाची. ही 'खुली' सभा होती म्हणून आम्हाला बसता आले. 'बंद' सभेत फक्त पिणारेच बसतात. सुरुवातीला क्षणभर शांतता, एक प्रार्थना, मग संघटनेची माहिती देणारा छोटा उतारा वाचला. सभासद होण्याची अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. वर्गणी नाही. मग एकेक जण उठतो, पहिले नाव सांगतो, 'मी दारुडा आहे' म्हणतो आणि आपली हकीकत सांगतो. कोणी मधे बोलत नाही, कोणी सल्ला देत नाही, कोणी 'अरेरे' म्हणत नाही. हे आम्हाला फार अवघड गेले, कारण आम्हा कार्यकर्त्यांना ऐकण्याची सवय नाही, आम्हाला मार्गदर्शन करण्याची सवय. तिथे ऐकलेले तिथेच ठेवायचे असा नियम आहे, म्हणून कोणाची हकीकत इथे लिहीत नाही. मित्राच्या परवानगीने त्याची तेवढी सांगतो. तो उठला, नाव सांगितले आणि रडू लागला. पुढे काहीच बोलला नाही. खाली बसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी थैली फिरली. आम्ही शंभराची नोट काढली तर थैली पुढे गेली. पैसे फक्त सभासदांचेच घेतात. बाहेरच्यांचे, सरकारचे, दानशूरांचे घेत नाहीत. जागेचे भाडे आणि चहा त्यातूनच भागवतात. वाचकहो, आपल्या किती संस्थांना हे सांगता येईल?

या सगळ्याची सुरुवात एका शोधातच झाली. न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला दलाल बिल विल्सन १९३५ च्या मे महिन्यात ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी धंद्यासाठी गेला होता. दारू सोडून पाच-सहा महिने झाले होते. धंदा फसला. हॉटेलच्या दालनात उभा, एका बाजूला बारमधून हसण्याचे आवाज, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. प्यायचे नसेल तर आत्ता दुसरा एखादा दारुडा भेटला पाहिजे, हे त्याला सुचले. बोलायला डॉक्टर किंवा पाद्री नको, दारुडाच हवा. चर्चच्या यादीवरून फोन करत करत तो डॉक्टर बॉब स्मिथ या शस्त्रवैद्यापर्यंत पोचला, जो स्वतः पिऊन पिऊन बरबाद झाला होता. बॉबने शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ चा दिवस ही संघटना आपला स्थापना दिवस मानते. बारा पायऱ्या १९३९ साली पुस्तकरूपाने छापल्या गेल्या. भारतात हे काम १९५७ साली पोचले. एका आजाऱ्याने दुसऱ्या आजाऱ्याशी बोलावे, दोघेही त्या दिवसापुरते वाचतात, एवढाच मूळ शोध. याला कोणी भाबडेपणा म्हणेल. पण २०२० साली कॉक्रेन या नामांकित वैद्यकीय संस्थेने सत्तावीस अभ्यासांतली दहा हजारांहून अधिक माणसे तपासून सांगितले की दारू पूर्ण सुटून सुटलेलीच राहण्याच्या बाबतीत ही पद्धत इतर मान्य उपचारांइतकी, काही ठिकाणी त्यांच्याहून सरस ठरते. सगळ्यांना लागू पडते असे मात्र कोणीच म्हणत नाही.

परतताना मेट्रोत मित्राने एक प्रश्न काढला. आम्हाला तो अपेक्षित होता. "ते पायऱ्यांमध्ये ईश्वर-ईश्वर आहे. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. मी कसं म्हणू?" प्रश्न खरा आहे. दुसऱ्या पायरीत आपल्याहून मोठ्या शक्तीवर विश्वास, तिसरीत 'आपल्याला जसा समजेल तसा' ईश्वर. 'जसा समजेल तसा' ही पळवाट आहे असे आम्हाला सुरुवातीला वाटले, आणि थोडे अजून वाटते. पुढच्या आठवड्यात त्याने पांढऱ्या केसांच्या गृहस्थांना हेच विचारले. ते म्हणाले, "ईश्वर राहू दे. तू एकट्याने किती वर्षं सोडायचा प्रयत्न केलास? सोळा. सुटली? नाही. म्हणजे तुझ्याहून दारू मोठी. आणि या खोलीतल्या वीस जणांची सुटलेली आहे. म्हणजे दारूहून ही खोली मोठी. सध्या या खोलीवर विश्वास ठेव." मित्राने हे आम्हाला सांगितले तेव्हा आम्हाला आपले तिसरे शरण आठवले. बुद्ध, धम्म आणि संघ. पहिल्या दोघांवर आम्ही रात्र-रात्र व्याख्याने देतो, तिसऱ्याचा अर्थ विचारला तर गडबडतो. प्रार्थनेच्या वेळी मित्र आजही गप्प उभा राहतो. त्याला कोणी हटकलेले नाही. अमेरिकेत बुद्धाच्या शिकवणुकीवर उभारलेल्या अशाच सभा आता भरतात, 'रिकव्हरी धर्म' नावाची संघटना २०१९ पासून आहे. आपल्या वस्त्यांत तसे काही उभे राहील तेव्हा राहील. तोवर माणसाला मरू द्यायचे काय?

आणि हे पाचवे शील आले कुठून, ते तरी आम्ही नीट वाचले आहे का? विनयपिटकात भिक्खूंच्या मद्यपानाविरुद्धच्या नियमाची जन्मकथा आहे. स्वागत नावाचे थेर होते, ज्यांनी आपल्या सामर्थ्याने एका भयंकर नागाला नमवले होते. कोसंबीच्या उपासकांनी त्यांचा सत्कार म्हणून घरोघरी मद्य दिले. सत्कार करणाऱ्यांचा हा उत्साह आजही ओळखीचा वाटतो! स्वागत थेर नगराच्या वेशीतच कोसळले. बुद्ध भिक्खूंसह त्या वाटेने येत होते. त्यांनी काय केले? भिक्खूंना सांगितले, याला उचला. विहारात आणून त्यांना बुद्धाकडे डोके करून निजवले, तर नशेत वळून त्यांनी पाय बुद्धाकडे केले. मग बुद्धाने भिक्खूंना विचारले की नागाशी झुंजणारा हा स्वागत आता साध्या पाणसापाशी तरी झुंजू शकेल का? आणि नियम घातला. तो मोडणाऱ्याला संघाबाहेर काढायचे असे त्यात नाही. तो दोष दुसऱ्या भिक्खूपुढे कबूल करून धुतला जाणारा आहे. हे स्वागत थेर पुढे अर्हत झाले.

क्रम पाहा. आधी उचलून विहारात आणले, मग नियम सांगितला. आम्ही दादाला आधी नियम सांगितला आणि विहाराबाहेर काढले. त्याचे पाय फोटोकडे होऊ नयेत याची त्याला स्वतःलाच इतकी लाज होती.

वहिनींचे सांगायचे राहिले. त्या पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या, "भाऊजी, यांचं काय व्हायचं ते होईल, माझं काय?" रास्त प्रश्न. नवऱ्याच्या खिशाला हात घालून घालून, बाटल्या मोरीत ओतून, कंपनीत 'ताप आहे' म्हणून खोटे फोन करून बाई स्वतःच आजारी पडते. अशा घरच्या माणसांसाठी 'अल-अनॉन' नावाच्या वेगळ्या सभा आहेत, त्या बिल विल्सनची पत्नी लोइस हिने १९५१ साली सुरू केल्या. मुंबईत त्याही भरतात. वहिनी दोनदा गेल्या, तिसऱ्यांदा गेल्या नाहीत. "तिथं सांगतात नवऱ्याची दारू तुमच्यामुळं नाही आणि तुमच्या हातून सुटणारही नाही. हे मला माहीत होतं. मला वीस वर्षांचे पैसे कोण देणार ते सांगा," म्हणाल्या. याला आमच्यापाशी उत्तर नाही.

दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात दारूमुळे मदतीची गरज असलेली माणसे पावणेसहा कोटींच्या घरात आहेत, आणि दारूच्या आहारी गेलेल्या अडतीस जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतो. उरलेले सदतीस कुठे आहेत? डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत विषारी दारूने ऐंशीहून अधिक माणसे गेली, जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक. मरणारे कोण होते? हातावर पोट असलेले. तेव्हा सरकारवर आम्ही लिहिले, ते लिहिलेच पाहिजे होते. २००८ च्या सरकारी नियमाने बायकांना मतदान करून दुकान बंद करण्याचा, बाटली आडवी करण्याचा हक्क दिला, तोही लढूनच मिळाला. पण दुकान बंद झाल्यावर त्या दुकानासमोर थरथरत उभा राहणारा माणूस कोणाच्या हवाली करायचा, याचा विचार आमच्या मोर्चात कधी झाला नाही. आणि चौदा एप्रिलला डीजेच्या गाडीमागे पिऊन नाचणाऱ्या पोरांवर दरवर्षी अग्रलेख लिहिणारे आम्हीच, त्यातल्या एकाच्या तरी घरी पंधरा एप्रिलला गेलो आहोत का?

मित्राला सात महिने झाले होते तेव्हा आम्ही विहार समितीपुढे विषय ठेवला. विहारामागे अभ्यासिकेची खोली आहे, ती शनिवारी संध्याकाळी रिकामी असते. अंधेरीचे दोन जुने सभासद येऊन सभा चालवायला तयार होते. समितीत दोन तास वाद झाला. "विहारात बेवडे गोळा करायचे काय?" असे एका काकांनी विचारले. ते मनाने वाईट नाहीत, त्यांनी हा विहार डोक्यावर विटा वाहून बांधलेला आहे. दुसऱ्याने शंका काढली की ईश्वराची प्रार्थना आपल्या छपराखाली कशी चालेल. ती शंका आम्हाला पटणारी होती. अंधेरीवाले म्हणाले, प्रार्थना सभेपुरती आहे, नको असेल तर दोन मिनिटे शांत बसू. तिसरा मुद्दा बायकांनी काढला: शनिवारी पोरी अभ्यासाला येतात, त्यांनी कुठे बसायचे? याचे उत्तर आम्ही विचारात घेतलेच नव्हते. शेवटी वेळ रात्री साडेआठची झाली.

अडले ते भाड्यावर. समिती म्हणाली, आपलाच विहार, भाडे कसले? अंधेरीवाले म्हणाले, भाडे घेणार नसाल तर आम्हाला बसता येत नाही, फुकट घेणे आमच्या परंपरेत नाही. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही भाडेकरूला भाडे वाढवून मागताना आणि मालकाला नाही म्हणताना पाहिले. महिन्याला दोनशेवर मिटले, तीन महिन्यांच्या बोलीवर.

पहिल्या शनिवारी सातजण आले. आमच्या वस्तीतले दोघेच, बाकी भांडुप-मुलुंडकडचे, कारण आपल्या वस्तीतले साहजिकच अंधेरीला गेले असतील. एकजण नळाजवळ उभा राहून सिगारेटी ओढत राहिला, आत आला नाही. मित्राने चहा केला. खजिनदाराने भाड्याची पावती फाडली. पावतीपुस्तकात दुसरे सदर नसल्यामुळे ती 'लग्न-साखरपुडा हॉल' या सदरात फाडली आहे.